चार बाय आठच्या गावाचा इतिहास

४ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. फक्त कामापुरती. लेकीच्या खोलीत चार बाय आठचा प्लायवूड टेबलावर चढवला. लेक सासरी, खोली रिकामी, तेव्हा कुणाची हरकत नाही. हिला विचारलं नाही, पण हरकत असती तर बोलली असती.
बावीस मार्चला मॉडेल रेल्वे क्लबचं प्रदर्शन. सेक्रेटरी म्हणाले, रूळ कोणीही टाकतो, गावाला पूर्वपीठिका पाहिजे. टेबलासमोर लावायला चार ओळींचं कार्ड द्या. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं अहवाल लिहिले. चार ओळी म्हणजे डाव्या हातचा मळ. उद्या देतो म्हणालो.

६ जानेवारी
कार्ड झालं नाही. आधी साल ठरायला हवं. जावयाने दिलेलं इंजिन डिझेलचं आहे आणि गाव तर वाफेच्या काळातलं वाटतंय. म्हणून इंजिन कपाटात. इतिहास डिझेलपर्यंत आला की काढू. सध्या १८९४.

९ जानेवारी
ही भावाकडे गेली. दोन दिवस. जून महिन्यात शाळेतून रिटायर झाल्यापासून तिला तसा चेंज नव्हता. दोन बॅगा आणि शिलाई मशीन नेलं. दोन दिवसांसाठी मशीन कशाला, हे विचारणार होतो, पण तेव्हा माझ्या गावात चुनखडीच्या खाणीचा शोध लागत होता. भावजयीचे पडदे शिवायचे असतील.

१३ जानेवारी
दोन दिवस हे बोलायची पद्धत असते. शब्दशः घ्यायचं नसतं.
घरात शांतता. कामाला उत्तम. लोकसंख्या नक्की केली: १२४०. स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, दर मंगळवारी येणारा डॉक्टर. उद्यापासून रूळ टाकणे. सकाळी सहाला उठणे.

१४ जानेवारी
साडेनऊला उठलो. रूळ टाकणं घाईचं होईल. आधी गटारांची व्यवस्था लिहून काढली. हा माझा विषय.

२१ जानेवारी, दुपारी
लेकीचा फोन. जेवता का, आईशी बोललात का, असं विचारत होती. जेवतो म्हणालो. मग तिला गटारांचा उतार समजावून सांगितला. मध्येच फोन कट झाला. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

२ फेब्रुवारी
पेच. प्लास्टर संपलं, आणि पूर्वेचा अर्धा बोर्ड मोकळाच राहिला. दुकानात जाण्यापेक्षा तिथे वस्ती का नाही हे लिहिणं सोपं. निर्णय: गावातली निम्मी माणसं निघून गेली. ओस पडलेलं गाव. प्रदर्शनात उठून दिसेल.
आता फक्त का गेली, ते ठरवायचं. संध्याकाळपर्यंत होईल.

५ फेब्रुवारी
खाण बंद पडली म्हणून गेली, असं लिहिलं. पण मग सगळेच जायला हवेत. खोडलं.
पूर आला म्हणून गेली. पण पाणी पश्चिमेकडे जातंय, उतार मीच काढलाय. खोडलं.

१० फेब्रुवारी
शेजारचे डेंटिस्ट शिडी मागायला आले. वहिनी बरेच दिवस दिसल्या नाहीत म्हणाले. सांगितलं, चेंजला गेलीय. ते म्हणाले, त्यांची बायकोही एकदा बहिणीकडे जाऊन बसली होती, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात ते स्वतः जाऊन घेऊन आले. त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना वेळ असतो.
शिडी दिली. साथीचा रोग हे कारण कसं वाटतं, असं विचारलं. ते म्हणाले, दातांचं असेल तर सांगा.

१८ फेब्रुवारी
मेव्हण्याचा फोन. दाजी, एकदा येऊन जा, एवढंच म्हणाला. ही शेजारीच असावी, मशीनचा आवाज येत होता. म्हणालो, बावीस मार्च होऊन जाऊ दे. तो बरं म्हणाला. समजूतदार माणूस.

१ मार्च
जायचं ठरवलं. दोन तासांचा तर प्रवास. नऊ चाळीसची बस. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, नऊ वीसला स्टँडवर हजर. तिथे वेळापत्रकाचा फळा पाहिला. इतका गचाळ फळा मी आयुष्यात पाहिला नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्या एकाच रकान्यात. मग लक्षात आलं, आपल्या गावाला वेळापत्रकच नाही. विसरण्याआधी लिहायला हवं होतं. दहा वाजता घरी.
दिवस सत्कारणी लागला. सात गाड्यांचं वेळापत्रक तयार. सातही जाणाऱ्या. येणाऱ्या उद्या बघू.

१५ मार्च
हस्तलिखित चौसष्ट पानं. गाव सोडण्याची कारणं सध्या सहा. सगळीच ठेवली, अभ्यासकांना सोयीचं. सेक्रेटरींनी कार्डाबद्दल विचारलं. म्हणालो, बाइंडिंगला दिलंय. त्यांनी वहीत काहीतरी खोडलं. प्रभावित झाले असावेत.
रूळ अजून खोक्यात. सात दिवस भरपूर आहेत.

२१ मार्च
रूळ टाकले. शेडपासून प्लॅटफॉर्मपर्यंत, दोन फूट. इतिहास १९३१ पर्यंतच आलाय, पण नाइलाजाने डिझेल काढावं लागलं.

२२ मार्च, संध्याकाळी
प्रदर्शन झालं.
इंजिन दीड फूट गेलं. मग सांध्यावर थांबलं, ट्रान्सफॉर्मरमधून वास आला, आणि ते प्रकरण मिटलं. शेजारच्या टेबलावर तीन गाड्या बोगद्यातून जात होत्या. गर्दी तिकडेच. त्यांना पूर्वपीठिका नव्हती.
एका बाईंनी ओस पडलेल्या भागावर पर्स ठेवली. एका गृहस्थांनी ग्रंथाची तीन पानं वाचली. काही शंका असेल म्हणून पुढे झालो. टॉयलेट कुठे आहे, असं विचारलं त्यांनी.
साडेतीनला ही आली. मेव्हणा सोबत. येणार हे मला माहीत नव्हतं. बारीक झालीय, किंवा साडी नवीन असेल. मी खुर्ची दिली. तिने चष्मा लावला आणि ग्रंथ मांडीवर घेतला. पेपर तपासायची तशी ओळीवर बोट ठेवून वाचत होती. अर्धा तास. मेव्हणा बोगदे बघत होता. मी उभा होतो. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं तिने माझ्याच पेनने दुरुस्त केलं.
मग ग्रंथ मिटून म्हणाली, "ही माणसं गाव सोडून का गेली, याची सहा कारणं शोधलीत. मी का गेले ते एकदाही विचारलं नाहीत."
आवाज चढलेला नव्हता. मी म्हणालो, अगं, तू चेंजला गेली होतीस ना. तिने पेन परत दिलं. पाच दहाची बस होती.

२३ मार्च
बोर्ड घरी आणला. एकट्याच्याने दारातून आत जाईना, तसाच पॅसेजमध्ये उभा केलाय. प्लास्टरची टेकडी पडली. काही वाटलं नाही.
दुपारभर बसून होतो. लिहिलं नाही काही.

२५ मार्च, सकाळी अकरा
फोन केला. प्रश्न आधी कागदावर लिहून घेतला होता, तो वाचला: तू का गेलीस?
उत्तर लांबेल म्हणून एक पूर्ण पान कोरं ठेवलं होतं. ती म्हणाली, दिवसभरात कुणीतरी आपल्याशी बोलावं असं वाटायचं. इथे वहिनी बोलते.
एक ओळ. पान तसंच राहिलं. भांडण नाही, तिसरं माणूस नाही, काही नाही. अशा कारणाने माणसं घर सोडतात, हे खात्यात एकतीस वर्षांत कुठल्या फायलीत आलं नव्हतं.
म्हणालो, मीही बोलू शकतो.
ती म्हणाली, "बोला."
मशीन थांबलं. ती खरंच वाट बघत होती. घड्याळाकडे पाहिलं, अकरा सात. अकरा नऊला मी तिला बोर्डावरच्या स्टेशनमागच्या पाण्याच्या टाकीबद्दल सांगायला सुरुवात केली. क्षमता, उंची, पाइप कुठून आणायचा.
तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, ठेवते.