अर्धशिशीची गोळी

नाशिक,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय जीवन दाजींना,
ललितचा नमस्कार.

तुम्ही आणि वैष्णवी बरे असाल असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. अंजलीचा गुडघा अधूनमधून दुखतो. दुकान रोजचंच आहे. थंडी ओसरली आहे.

तुमचे तीन फोन आले, ते मी मुद्दाम उचलले नाहीत. वैष्णवीचा मेसेज मात्र वाचला. सायखेड्याच्या लोकांनी सुपारी फोडल्यावर आता दवाखान्याचा कागद मागितला आहे. मुलीच्या आईला महारोग होता असं त्यांच्या कानावर गेलं आहे. होळीपर्यंत थांबतो, नाहीतर आमचं आम्ही बघतो, असं त्यांनी कळवलं आहे. हे सगळं तिने चार ओळींत लिहिलं आणि शेवटी विचारलं, मामा, आईची फाइल खरंच सापडत नाही का?

फाइल हरवलेली नाही. आक्का गेली त्या दिवसापासून ती माझ्या कपाटात आहे. मी वैष्णवीशी खोटं बोललो. या पत्राबरोबर ती पाठवतो आहे. महारोगाची तपासणी पहिल्याच दिवशी झाली होती आणि त्यात काही निघालं नव्हतं. तो रिपोर्ट सगळ्यात वर लावला आहे. सायखेड्याला तेवढा एक कागद पुरे होईल.

पण तुम्ही पूर्ण फाइल वाचाल. तिसऱ्या पानावर एक ओळ खोडून खाली दुसरी लिहिली आहे. त्याबद्दल तुम्ही मला विचाराल आणि फोनवर मला ते सांगता येणार नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी माझ्या मनात तुमच्याबद्दल जे आहे ते लिहितो. ते न लिहिता पुढचं लिहिलं तर तेही खोटं होईल.

आक्काची बोटं निळी पडली तेव्हा तुम्ही तिचं ताट वेगळं केलं. नाकाचा शेंडा काळा झाल्यावर तिचं अंथरूण बाहेर ओट्यावर टाकलं. नोव्हेंबरच्या थंडीत. तिने उकळत्या पाण्यात हात घातला आणि तिला कळलं नाही, एवढ्यावरून तुमच्या भागीआत्यांनी रोगाचं नाव ठरवलं आणि तुम्ही ते गल्लीभर होऊ दिलं. जिने पंचवीस वर्षं तुमच्या घरात माग चालवला, तिच्या हातचं पाणी तुम्ही आठ दिवस प्यायला नाहीत. वैष्णवीने चोरून मला फोन केला नसता तर आक्का ओट्यावरच गेली असती. ती गेल्यावरही, सवाष्ण असून तिला हळदकुंकू लावायला एक बाई पुढे आली नाही. शेवटी अंजलीने लावलं. मी हे विसरलेलो नाही आणि विसरणार नाही.

आता माझं.

आक्काला अर्धशिशी होती हे तुम्हाला माहीत आहे. पैठणीच्या पदराच्या नक्षीवर सहा-सहा तास नजर लावून बसायची, संध्याकाळी डोक्याची एक बाजू धरून पडायची. तुम्ही म्हणायचात, "डोकं सगळ्यांचंच दुखतं. माग त्यानं बंद पडत नाही." म्हणून तिने तुम्हाला सांगणं बंद केलं आणि मला सांगायला लागली. मी दीड वर्ष तिला गोळ्या पाठवत होतो. मेडिकलच्या दुकानातून पाकीट घ्यायचो, जुन्या सीबीएस स्टँडवर जायचो, येवल्याच्या गाडीत ओळखीचं कुणी बघून त्यांच्या हातात द्यायचो. वैष्णवी स्टँडवरून घेऊन जायची. आत काय आहे ते तिला माहीत नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. ती गोळी आठवड्याला ठरावीकच घ्यायची असते, त्यावर घेऊ नये, हे मला माहीत होतं. काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकांना मीच ते सांगतो. आक्का रोज घेत होती. तेही मला माहीत होतं, कारण पाकीट किती दिवसांनी संपतं हे मलाच कळायचं.

नोव्हेंबरात तिला खोकला झाला. फोनवर म्हणाली, "डॉक्टरकडं नाय जात. तूच दे काहीतरी, त्याच गाडीनं." मी सात दिवसांचं अँटिबायोटिक त्याच पाकिटात घातलं. दोन्ही औषधं एकत्र घ्यायची नसतात. ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण ते गोळीबरोबरच्या कागदावर छापलेलं असतं आणि तो कागद मी वीस वर्षांत कधी उघडून वाचला नव्हता. गिऱ्हाइकाला सुटी पाकिटं देताना तो आम्ही काढूनच टाकतो.

डॉक्टरांनी मला नंतर समजावलं ते असं. ती गोळी डोक्याच्या रक्तवाहिन्या आवळते, त्याने दुखणं थांबतं. पण ती सगळ्याच रक्तवाहिन्या आवळते. एरवी शरीर तिला हळूहळू बाहेर टाकतं. त्या अँटिबायोटिकने ते बाहेर टाकणं बंद होतं. मग गोळी साठत जाते आणि जिथे रक्त मुळातच शेवटी पोचतं तिथे पोचेनासं होतं. हाताची बोटं, पायाची बोटं, नाकाचा शेंडा. आधी मुंग्या, मग गारठा, मग आग, मग काही कळत नाही. मग मांस मरतं. तुम्ही ओट्यावर जे बघितलंत ते हे होतं.

नाशिकला तिला भरती केलं त्या दिवशी डॉक्टरांनी खूप विचारलं. शुगर आहे का, मिश्री लावते का, घरात कुणी विडी ओढतं का, थंडीत काम करते का. मग विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" मी तिच्या खाटेशी उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काही नाही."

का म्हणालो ते सांगतो. पहिले काही आठवडे मी स्वतःला सांगत होतो की तुम्हाला कळू द्यायचं नाही असा आक्काला शब्द दिला होता. शब्द दिला होता हे खरं आहे. पण त्या क्षणी मला तो आठवला नव्हता. महिन्याभरापूर्वी दुकानावर तपासणी झाली होती, मालकांनी बजावलं होतं की चिठ्ठीशिवाय औषध बाहेर गेलं तर त्याच दिवशी घरी बसायचं. मला तेवढंच आठवलं.

आणि दाजी, याहून पुढचं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिचं डोकं दुखायला लागलं. मला म्हणाली, लय दुखतंय रे. मी खिशातून गोळी काढून दिली. तिसऱ्या दिवशी परत दिली. तिथे डॉक्टर आजाराचं कारण शोधत होते आणि मी ते तिला पाण्याबरोबर देत होतो.

चौथ्या दिवशी दुकानात एकटा असताना मी खोका उघडून तो कागद वाचला. मुंग्या, गार पडलेली बोटं, सगळं ओळीने लिहिलेलं होतं. दुकान तसंच सोडून दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं. ते चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "तुम्ही मेडिकलमध्येच काम करता ना?" मग आत जाऊन त्यांनी वाहिन्या सैल करायचं औषध सुरू केलं आणि केसपेपरवरची ओळ खोडली. "नातेवाइकांच्या सांगण्यानुसार कोणतेही औषध चालू नाही" ही खोडलेली ओळ. खालची तुम्ही वाचालच.

पहिल्याच दिवशी कळतं तर काय वाचलं असतं, हे मी त्यांना विचारलं. हाताची बोटं कदाचित, म्हणाले. जीव तर वाचायला हवा होता, असंही म्हणाले. तोवर काळ्या भागात जंतू शिरले होते. सहा बोटं काढली तरी विष रक्तात गेलेलंच होतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बोटं काढल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. तिच्या नाकावर पट्टी होती. तिने एकच विचारलं, "म्हणजे हा महारोग नाही ना?" मी नाही म्हणालो. म्हणाली, "मग घरी सांग तेवढं. पोरीचं लग्न आहे."

मी तेवढंही सांगितलं नाही. दशक्रियेला सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडलो की माझ्या बहिणीला तुम्ही महारोगी ठरवून मारलं. तुम्ही खाली मान घालून विचारलंत, "मग काय झालं होतं, ते तरी सांगा." आणि मी न जेवता निघून आलो. लोकांना वाटलं भाऊ संतापाने गेला. मी उत्तर द्यायला लागू नये म्हणून गेलो. त्या दिवशी घाटावर सायखेड्याचेही दोघे होते. मी बोललो असतो तर वैष्णवीवर ही वेळ आली नसती.

तुमचं वागणं माझ्यामुळे कमी वाईट होत नाही. माझंही तुमच्यामुळे होत नाही. ओटा तुमचा, गोळी माझी. ते दोघांनी आपापलं सांभाळायचं.

नुसता रिपोर्ट दाखवला तर ते लोक विचारतील की मग नाक का काळं पडलं. तेव्हा हे पत्र त्यांना वाचायला द्या. नाव झाकू नका. हे दुकानापर्यंत येईल, येऊ द्या. मालकांना मी उद्या सकाळी स्वतःच सांगणार आहे.

लग्न होईल असं वाटतं. झालं तर बोहल्यावर तिच्या मागे मामा म्हणून तुमच्या भावकीतलं कुणी उभं करा. मला पत्रिका पाठवू नका.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार. वैष्णवीला आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ललित