पिशवीतलं घर

सोमवार, ता. ८

अगं,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहावं यातच माझा अर्धा तास गेला. 'स. न. वि. वि.' लिहिलं तर हेडमास्तरांकडे रजेचा अर्ज केल्यासारखं वाटतं, आणि दुसरं काही लिहायची आपल्याला सवय नाही. शेवटी घरात मारतो तशीच हाक मारली. मी खुशाल आहे, तूही असशील. ताईला नमस्कार सांग. तिचा गुडघा आता छान वाकतो, जिना चढून ती गच्चीवरसुद्धा जाते असं भाचा फोनवर म्हणाला. ऐकून बरं वाटलं. ऑपरेशन चांगलंच झालं म्हणायचं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी 'बरं आहे' म्हणतो, तू 'बरं' म्हणतेस, आणि मग आधी कोण ठेवतंय याची दोघंही वाट बघत बसतो. त्यापेक्षा हे परवडलं.

तर मी इथे प्रशिक्षणाला आलोय. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना सहा दिवस एका वसतिगृहात कोंडलंय. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या माणसाला इतिहास कसा शिकवावा हे शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी हेडमास्तरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "सर, मग जाताना घडा सरळ करून जा." हल्ली त्यांनाही बोलता यायला लागलंय.

खोलीत दोन लोखंडी खाटा आहेत, खिडकीला पडदा नाही. माझ्या जोडीला एक भूगोलवाले सर आहेत. खोलीत शिरल्याशिरल्या त्यांनी सूर्य कुठून येणार ते पाहिलं, आणि तोंडावर ऊन येणारी खाट स्वतःला ठेवून सावलीतली मला दिली. माणूस सज्जन आहे. घोरतो मात्र असा, की खिडकीची तावदानं थरथरतात. मला काही त्रास नाही त्याचा. उलट जाग आली की कोणीतरी आहे असं वाटतं.

आमच्या प्रशिक्षक बाई आपल्या भाचीच्या वयाच्या असतील. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "वर्गात 'मला माहीत नाही' असं शेवटचं कधी म्हणालात?" एकाचाही हात वर गेला नाही. माझाही नाही.

येताना घरून एक पिशवी आणायला सांगितली होती. रोजच्या पाच वस्तू भरायच्या, पण कागद नको, फोटो नको, नाव घातलेलं काही नको. उद्या पिशव्यांची अदलाबदल होणार, आणि अनोळखी लोकांनी वस्तू बघून सांगायचं की घर कसं आहे, कोण राहतं. जमिनीतून निघालेली खापरं बघून आपण हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल छातीठोकपणे बोलतो, तर आज नांदत्या घराबद्दल बोलून दाखवा, असा त्यामागचा हेतू. कल्पना चांगली आहे. बाईंच्या तोंडावर मी तसं म्हणणार नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी घाईत हाताला लागेल ते भरलं. चहाचं पातेलं, बटणांचा डबा, किल्ल्यांचा जुडगा, टॉर्च. आणि तुझी डावखुरी कात्री. न विचारता घेतली, रागावू नकोस. ती बघून भलेभले चक्रावतील असा माझा होरा आहे.

कोणी विचारलं तर बायको बहिणीकडे गेलीय, बहिणीचं ऑपरेशन झालंय, असं सांगायचं ठरवलंय. त्यात खोटं काही नाही. अजून तरी कोणी विचारलेलं नाही.

बाकी ठीक.

मी

गुरुवार, ता. ११

अगं,

हे पत्र टाकीन की नाही ठाऊक नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. सांगायची गोष्ट अशी, की इथल्या चाळीस शिक्षकांच्या मते तू वारली आहेस. रागावण्याआधी पुढचं वाच.

मंगळवारी माझी पिशवी नागरिकशास्त्राच्या एका बाईंच्या गटाकडे गेली. या बाई डोक्यावर चष्मा ठेवून टेबलाखाली चष्मा शोधतात, म्हणून मी निर्धास्त होतो. त्यांनी कात्री उचलली, कागद कापून पाहिला, जमेना. मग हात बदलला आणि कागद सरळ कापला गेला. "डावखुऱ्या माणसाची, शिवणकामाची," बाई म्हणाल्या. "मुठीची जागा लहान आहे, म्हणजे बहुतेक बाईची. धार फार जपलीय. पण स्क्रूला गंज चढलाय. इतकी धार जपणारी बाई तेल घालायला विसरेल का? कात्री बरेच दिवस वापरात नाही."

मग पातेलं. आत वर एक फिकट रेघ होती, दोन कपांच्या उंचीची, आणि खाली एक गडद रेघ, एका कपाची. इतकी वर्षं त्या पातेल्यात चहा पितोय, मला त्या रेघा कधी दिसल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, आधी दोघांचा चहा व्हायचा, आता एकाचा होतो, आणि करणाऱ्याचं लक्ष नसतं, कारण बूड करपलंय. बटणांच्या डब्यात सगळ्यात वर माझ्या शर्टांची बटणं होती, तुटली तशी दोऱ्यासकट टाकलेली. "टाकणारा आहे, लावणारी नाही," गटातलं कोणीतरी म्हणालं. शेवटी जुडगा. एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या एकाच कडीत. दोन माणसं असती तर दुसरी किल्ली दुसऱ्याकडे नसती का?

"मग निष्कर्ष?" प्रशिक्षक बाईंनी विचारलं.

"एक पुरुष एकटा राहतो. त्याची बायको बहुतेक वारलीय. फार दिवस झाले नसावेत, कारण तिच्या वस्तू त्याने अजून हलवलेल्या नाहीत."

"पिशवी कोणाची?"

मी हात वर केला. बाईंनी कात्री इतक्या हळू खाली ठेवली, की मला कसंतरीच झालं.

'नाही हो, आहे ती' एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कुठे आहेत? आणि त्याच्या पुढचा, एवढे महिने का? पहिल्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, दुसऱ्याचं नव्हतं. तेव्हा तोंडात मूग धरून बसलो.

तेव्हापासून माझे लाड चाललेत. रांगेत कोणी मला उभं राहू देत नाही. चहा जागेवर येतो. नागरिकशास्त्राच्या बाई रोज विचारतात, "सर, झोप लागली का?" खरं सांगू? मला ते आवडलं. तू ताईकडे राहायला लागल्यापासून मी जेवलो की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. शाळेतून आलो की दिवा लावतो, टीव्ही लावतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. आवाज येत राहिला की पुरे. फार एकटं वाटतं गं. आता लिहिलंच आहे तर खोडत नाही.

पण खरी पंचाईत पुढेच आहे. काल तास संपल्यावर भूगोलवाले मला मागच्या पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले. म्हणाले, "सर, माझीही नाही." दोन वर्षांपूर्वी त्या आजारी पडल्या आणि महिन्याभरात संपलं. त्यांची चप्पल अजून दारात आहे. झाडताना भूगोलवाले ती उचलतात, खालचं झाडतात आणि होती तशी ठेवतात. "मुलांना सांगितलं नाही, हसतील. पण तुम्हाला कळेल," म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी मान हलवली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कुठून आला माझ्यात तेवढा निलाजरेपणा?

किल्लीचं खरं काय ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. निघताना तू ती चपलांच्या कपाटावर ठेवलीस आणि म्हणालीस, "ताईकडे हरवेल उगाच." मी म्हटलं, "हो, हरवेल." आजवर तू घरातली साधी टाचणी हरवलेली नाहीस. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी

शनिवार, ता. १३

अगं,

गुरुवारचं पत्र टाकलं नव्हतं, ते यातच घालतोय. दोन्ही एकदम वाच, म्हणजे शिव्या एकदाच घालता येतील.

काल आमचा शेवटचा मोठा पाठ होता. लोकांच्या आठवणी ऐकून इतिहास कसा लिहायचा, त्याचा. नियम एकच. साक्षीदार बोलत असताना मध्ये तोडायचं नाही. साल चुकलं, नाव चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. तो सांगून संपला की मग विचारायचं. आमची जोडी ठरलेलीच होती. भूगोलवाले त्यांच्या लहानपणी आलेला पूर सांगायला लागले आणि पहिल्याच वाक्याला मी म्हटलं, "त्या साली नव्हे, पुढच्या साली." ते थांबले, हसले, पुन्हा सुरू झाले. मी पुन्हा, "पूल तेव्हा झाला नव्हता." तिसऱ्यांदा प्रशिक्षक बाईंनी लांबून बोट दाखवलं. भूगोलवाले गमतीत म्हणाले, "सर, तुमच्या घरात बोलायची चोरीच दिसते," आणि लगेच त्यांनी जीभ चावली. माझा हात धरला. "माफ करा हो. त्या माऊलीची आठवण काढायला नको होती मी."

मग मात्र मला ते झेपेना. म्हटलं, "ती आहे. बहिणीकडे राहते. परत येत नाही. मी तुम्हाला खरं सांगितलं नाही."

त्यांनी हात सोडला आणि उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. वऱ्हांड्याच्या टोकाला उभे होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "का येत नाहीत?"

"माहीत नाही."

"विचारलंत?"

"नाही."

"मला विचारायचंय हो," ते म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात ती गप्प का होती, रागावली होती का माझ्यावर. कोणाला विचारू? तुमची तिकडे जिवंत बसलीय, तोंडाने बोलू शकते, आणि तुम्ही इथे चाळीस माणसं जमवून कात्रीची साक्ष काढताय."

मी तिथेच उभा राहिलो. आज पहाटेच्या गाडीने ते गेले. निरोप घेतला नाही. मला जाग होती, पण मी डोळे उघडले नाहीत.

आज समारोपाला मी उठलो आणि सगळ्यांसमोर निष्कर्ष दुरुस्त केला. म्हटलं, बाई वारलेली नाही, घर सोडून गेलीय, आणि हे मी मंगळवारीच सांगायला हवं होतं. काहींनी तोंडं वाकडी केली, ते योग्यच होतं. नागरिकशास्त्राच्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आमचं चुकलं हे फार बरं झालं."

आता तुझ्याशी. तू पाहुण्यांना काही सांगायला लागायचीस आणि मी म्हणायचो, मंगळवार नव्हे, बुधवार. तू "असेल" म्हणून चहा टाकायला उठायचीस. पुढची गोष्ट मीच सांगायचो, सगळ्या तारखा बरोबर घालून. तू किती वर्षं पाहुण्यांसमोर काही सांगितलेलं नाहीस, हे मला काल त्या वऱ्हांड्यात आठवलं. म्हणून तू गेलीस, असं मी म्हणत नाही. तो पुन्हा माझाच निष्कर्ष झाला. कारण वेगळंच असेल, याहून मोठं असेल, मला सुचणारही नाही असं असेल. मला माहीत नाही. हे वाक्य लिहायला मला सहा दिवसांचं प्रशिक्षण लागलं, तेव्हा हेडमास्तरांचे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत.

पत्र तुला आठवड्याच्या मध्यावर मिळेल. मी पुढच्या रविवारी ताईकडे येतो. तुला घेऊन जायला नाही, तू तसं समजू नकोस. का गेलीस, एवढं विचारायला येतो. ताईला म्हणावं, आम्हाला गच्चीवर बसू दे, खाली ती मध्येमध्ये बोलेल. मी बोलणार नाही. वार चुकू दे, साल चुकू दे, माझ्याबद्दल खोटं वाटेल असंही काही येऊ दे. पूर्ण ऐकीन. आणि शेवटी तू परत येणार नाही म्हणालीस, तर तेवढं वाक्यही तुला पुरं करू देईन.

अजून तरी तुझाच नवरा