कालव्याचा काठ

बाई, काल नव्या मुलांना वाहत्या पाण्याचं गणित संगणकावर कसं मांडायचं ते शिकवत होते आणि मध्येच हसू आलं. शहात्तरचं साल असेल. बाळापूरच्या शाळेचं मैदान, त्यावर फक्कीने आखलेली घरं, आणि प्रत्येक घरात पाटी घेऊन बसलेले आम्ही. पाण्याची समीकरणं सरळ सुटत नाहीत म्हणून पाण्याचे तुकडे करायचे, हे तुम्हीच सांगितलेलं. कालवा आडवा कापला तर जसा दिसेल तसा तुम्ही तो जमिनीवर आखायचात. तुमची टाळी वाजली की चार शेजाऱ्यांचे वेग विचारायचे, बेरजेला चाराने भागायचं, उताराचा रेटा मिळवायचा, जुना आकडा पुसून नवा लिहायचा. पुन्हा टाळी. आकडे बदलायचे थांबले की पाण्याचा वेग जवळपास सापडला. "मुंबईत हे मशीन करतं," तुम्ही म्हणायचात. "आपल्याकडं मशीन न्हाई, लेकरं हायेत."

एका बाजाराच्या दिवशी वडील मला कायमचं न्यायला तांड्यावरून आले. माझी सोयरीक ठरत आली होती, शाळा बंद होणार होती. मी रडू दाबून मैदानावरच्या माझ्या घरात बसले होते.

"काय करून राहिल्या, बाई?" वडिलांनी तुम्हाला विचारलं.

"पाणी चालवून राहिलो, भाऊ. काठाला माणूस कमी हाय. बसता का?"

"मला लिहिता येत न्हाई."

"लिहायचं न्हाई. काठाला लागलेलं पाणी हलत न्हाई. पोरीनं विचारलं की शून्य म्हणायचं."

वडील माझ्या शेजारी मांडी घालून बसले. "शून्य" आधी लाजत म्हणाले, मग चांगलं ठणकावून. मी रेंगाळले तर मलाच दटावलं, "टाळी झाली की, विचार ना." उन्हं कलली तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "पुढच्या बाजारी काठ लागंल का?"

"लागंल. पण शेजारची पोरगीबी लागंल."

वडील एकटेच परत गेले. सोयरिकीचं पुन्हा घरात कुणी काढलं नाही.

पुढे खरोखरच्या मशीनसाठी, भोकं पाडलेल्या कार्डांवर, मी हेच गणित बसवलं तेव्हा लक्षात आलं, काठाला माणूस लागतच नाही. शून्य एकदा लिहिलं की झालं. आपणही आधी तिथे फक्कीने शून्यच लिहायचो. त्या दिवशी भीतीपोटी मला ते सुचलंही नाही. बाई, हुशार माणसं मी पुढे खूप पाहिली. तुमच्यासारखी हुशारी नाही पाहिली.

हे पत्र आता कुठे धाडणार, घडी घालून ठेवते. वडील शेवटपर्यंत तांड्यावर सांगायचे, बाळापूरला मी काठ धरला म्हणून पोरांचं पाणी चाललं. मी दर वेळी "व्हय" म्हणायचे.