बऱ्या झालेल्या कोंबड्यांना डिस्चार्ज मिळणेबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, जि. कोल्हापूर

अर्जदार : सौ. स्वप्नाली उदयसिंह चौगले, कसबा बावडा

विषय : ओवा-लवंगेच्या तेलाने उपचार झालेल्या गावरान कोंबड्या सासूबाई विकू देत नसल्याबाबत.

संदर्भ : आमच्या शेडला आपण दिलेली भेट व तोंडी सूचना.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, दिवाळीनंतर आमच्या कोंबड्यांना जुलाबाची साथ लागून काही दगावल्या. नेहमीचे अँटिबायोटिक या जंतूंवर चालत नाही, असा प्रयोगशाळेचा अहवाल आला. तेव्हा आजारी कोंबड्या वेगळ्या कराव्यात, शेड स्वच्छ ठेवावे आणि ओवा व लवंगेचे तेल आपण सांगाल तेवढेच थेंब पाण्यातून देऊन पाहावे, असे आपण सुचविले.

सदर काम सासूबाई श्रीमती बयाबाई यांनी अंगावर घेतले. "थेंबानं काय हुतंय? जनावर आजारी हाय की!" असे म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी पाण्यात वाटीभर तेल ओतले. कोंबड्यांनी चोच बुडवली, मान झटकली आणि पाणी पिणेच सोडले. आपण फोनवर रागावलात, ते योग्यच होते. त्यानंतर मात्र सासूबाईंनी आपला शब्द मोडला नाही. शेडमध्येच खाट टाकली. अशक्त कोंबड्यांना मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजले. हळूहळू जुलाब थांबले. यात तेलाचा वाटा किती व सफाईचा किती, हे आपणच जाणता. सासूबाईंच्या मते सगळा त्यांचाच आहे.

खरी अडचण पुढे आहे. आपण विक्रीस हरकत नाही म्हणालात, म्हणून व्यापारी श्री. विश्वजित गाडी घेऊन आले. शेडमधला वास घेऊन ते म्हणाले, "वहिनी, ह्यास्नी आधीच मसाला लावलाय व्हय?" तरीही ते कोंबड्या घेण्यास तयार होते. पण सासूबाई दारात आडव्या झाल्या. "मरणाच्या दारातनं वडून आणल्यात. बरा झाल्याला पेशंट कुठला डाक्टर कापाय देतुय? तुमच्या सायबास्नी बोलवा, त्यांनी डिस्चार्ज दिला तर न्ह्या!"

माझे यजमान समजूत घालण्यास गेले व एक कोंबडी मांडीवर घेऊन बसले. ते अद्याप परत आलेले नाहीत.

तरी आपण समक्ष येऊन सासूबाईंची समजूत काढावी, ही विनंती.

ता. क. हा अर्ज पोस्टात टाकण्यापूर्वी व्यापारी पुन्हा आले. सासूबाई दळणाला गेल्या होत्या, अडवणारे कोणी नव्हते. मी पहिली कोंबडी उचलली. तिने माझ्या दंडावर मान टेकली आणि डोळे मिटले. गाडी रिकामीच परत गेली. सबब वरील विनंती रद्द समजावी. समजूत आता सासूबाईंची काढायची नसून विश्वजितभाऊंची काढायची आहे. 'या कोंबड्या फक्त अंड्यांसाठी' असा दाखला मिळावा.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
स्वप्नाली उ. चौगले
दि. १२ जानेवारी २०२५

सोबत : प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत, बयाबाईंचा अंगठा (साक्षीदार म्हणून, त्यांच्याच आग्रहावरून).