एका टेपवर एकच आवाज

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि माझे हेडफोन, सगळं शाबूत. सात वर्षं डबिंग स्टुडिओत नटनट्यांच्या ओठांचे मचमच आवाज पुसण्यात गेली, आता खऱ्या संगीताला हात लागणार. आईला अजून पटलेलं नाही. तिचं म्हणणं, ज्या गाण्यात शब्द नाहीत, ताल नाही, ते गाणं ऐकणारे लोक जेवतात तरी का वेळेवर.

पण हीच ती कंपनी. बाबांच्या शेवटच्या चार महिन्यांत दवाखान्यात मी यांचीच रेकॉर्ड लावायचे. लांबलचक सूर, एकातून दुसरा उमलत जाणारे. सातव्या मिनिटाला कुणीतरी हळूच श्वास घेतं. तिथे आलं की बाबांच्या कपाळावरची आठी सुटायची. मी त्या श्वासाच्या ओढीनेच इथे अर्ज केला असं म्हटलं तरी चालेल.

जागा म्हणजे बर्फाचा जुना कारखाना. दोन-दोन हात जाडीच्या भिंती. खाली रेकॉर्डिंगची खोली, वर माझं मास्टरिंगचं, म्हणजे तयार रेकॉर्डवर शेवटचा हात फिरवायचं दालन, शेजारी झोपायची खोली. दालनाच्या खिडकीला दुहेरी काच. रस्त्यावरचे ट्रक मुक्या चित्रपटातल्यासारखे जातात. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. साठीचे असतील, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, पण आवाज पंचविशीतल्या पोरासारखा, गोड, ‘र’ वर किंचित अडखळणारा. ऐकून क्षणभर मी मागे वळून दुसरं कुणी बोलतंय का ते पाहिलं.

मोबाइल कपाटात ठेवावा लागला. त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये उतरते म्हणे. ऑफिसचा फोन आहे, त्यावरून आईशी बोलता येईल.

४ फेब्रुवारी
इथे कलाकार तीनच. एक सिंथेसायझर वाजवणारी सिंथवाली, चाळिशीची, कीबोर्डांच्या गराड्यात बसलेली. आणि दोघे भाऊ, थोरला नि धाकटा. ते टेपची जुनी यंत्रं सांभाळतात. पेढीवर आलेल्या वसुलीवाल्याकडे पाहावं तसं तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून ओळख करून दिली. हूं नाही की चूं नाही.

अण्णांनी सांगितलं की कामाच्या वेळात बोलायचं नाही असा घरचा नियम आहे. काही हवं तर चिठ्ठी लिहायची. छान कल्पना वाटली. दुपारी माझ्या टेबलावर पहिली चिठ्ठी आली: ‘कप आपटू नकोस.’ संध्याकाळी दुसरी: ‘जिन्यावर हळू.’ तिसरी थोरल्याच्या अक्षरात: ‘तू फार ऐकू येतेस.’

नव्या सुनेचं कौतुक पहिले दोन दिवस तरी होतं. इथे तेवढंही नाही. असो. कामाला आले आहे, सोयरिकीला नाही.

७ फेब्रुवारी
आज मात्र खूश आहे. अण्णांनी मला खाली बोलावलं. प्रत्येक नव्या माणसाचे काही आवाज कंपनीच्या साठ्यासाठी टिपून ठेवतात म्हणे. म्हणाले, तू अर्जासोबत लिहिलेलं बाबांबद्दलचं पत्र मी वाचलंय, अशा माणसाचा आवाज आमच्या संगीतात हवाच. माझा चेहरा लाल झाला असणार.

रेकॉर्डिंगची खोली अजब आहे. भिंतींना जाड गाद्या; तोंडातून निघालेला शब्द तिथल्या तिथे मरतो. आधी मला चालायला लावलं, अनवाणी आणि चपला घालून. मग टाळ्या, टेबलावर टकटक. प्रत्येक वेळी थोरला नवीन रीळ चढवायचा. एका टेपवर एकच आवाज, अण्णांचा दंडक. सिंथवाली काचेपलीकडे उभी होती. मी हात केला. तिने पाठ फिरवली.

९ फेब्रुवारी
सर्दी झाली असावी, कानांना दडे बसल्यासारखे. जिना उतरताना स्वतःची पावलं ऐकू आली नाहीत. लाकडी जिना आहे, परवापर्यंत करकरत होता.

११ फेब्रुवारी
कान ठीक आहेत. पाण्याची मोटर ऐकू येते, धाकट्याच्या किल्ल्या ऐकू येतात, दाराची बिजागरी ऐकू येते. माझी पावलं तेवढी नाहीत. आज मुद्दाम उड्या मारल्या. तळपाय हुळहुळले, पण आवाज शून्य. कापसावर पाय पडावा तसं.

टाळी वाजवली. तळहात चुरचुरले, आवाज नाही.

आईशी फोनवर बोलले तेव्हा सगळं विचित्र विचित्र म्हणून सांगावंसं वाटलं, पण ती लगेच पिशवी भरून निघेल. म्हणून हवापाण्याच्या गोष्टी केल्या. माझा आवाज तिला खणखणीत ऐकू आला. जिवात जीव आला.

१२ फेब्रुवारी
धाकटा आज जिन्यावरून उतरला. मी वर टेबलापाशी होते. ती पावलं मी हजारांत ओळखीन. माझा डावा पाय जरा ओढतो, लहानपणी मोडल्यामुळे. धाकटा तर सरळ चालतो! पण आवाज आला तो ठक आणि मग खर्र, ठक आणि मग खर्र.

मी दारात गेले. त्याने वर पाहिलं आणि मजा वाटल्यासारखं आणखी चार पायऱ्यांवर मुद्दाम पाय आपटले.

१३ फेब्रुवारी
अण्णांनी आज श्वास, खोकला आणि हसणं टिपायचं ठरवलं होतं. मी नकार दिला. घसा बसलाय म्हटलं. अण्णा गोड हसले आणि म्हणाले, मग उद्या. थोरला मात्र माझ्या वाटेत उभा राहिला. मी डावीकडे झाले की डावीकडे, उजवीकडे झाले की उजवीकडे. शेवटी खांद्याने ढकलून गेला. माझी पाठ दारावर आदळली, दार वाजलं.

साठ्याची खोली उघडी होती. शेकडो रिळं, प्रत्येकावर चिकटपट्टी: ‘सिंथवाली, बोलणं.’ ‘थोरला, बोलणं.’ ‘धाकटा, रडणं.’ एक वरच्या फळीवर होतं: ‘आधीचा इंजिनिअर, बोलणं.’ ते मी वर नेऊन लावलं.

एक तरुण आपली ओळख करून देत होता. इथे येऊन किती आनंद झालाय, कंपनीच्या रेकॉर्डी त्याला पाठ कशा आहेत, सगळं माझ्यासारखंच. आणि तो अण्णांच्या आवाजात बोलत होता. तोच गोडवा, ‘र’ वर तीच किंचित अडखळ.

ते तिघं फक्त कामाच्या वेळात बोलत नाहीत असं नाही. त्यांना बोलताच येत नाही. दहा दिवसांत तिघांपैकी कुणाच्या तोंडून शिंकही ऐकली नव्हती मी, आणि याला शिस्त समजत होते.

१४ फेब्रुवारी
बॅग भरली. जिन्यात तिघं उभे होते. थोरल्याने हात धरले, धाकट्याने पाय. खाली नेलं. मी ओरडले, शिव्या दिल्या, आईला हाका मारल्या. काचेपलीकडे अण्णांनी फक्त आवाज मोजणारी सुई पाहिली आणि अंगठा वर केला. त्यांना तेच हवं होतं.

ओरडता ओरडता—

माझं तोंड उघडं होतं. छाती भरून येत होती. पण गळ्यातून काही येईना. रीळ फिरत राहिलं.

१५ फेब्रुवारी
सकाळी मोठं दार उघडं दिसलं आणि मी पळाले. कुणी अडवलं नाही. तेव्हाच समजायला हवं होतं.

पोलीस चौकीत कागद मागून सगळं लिहिलं. हवालदाराने दोनदा वाचलं, सहकाऱ्याला दाखवलं. दोघं माझ्याकडे पाहून हळू बोलू लागले, वेड्याशी बोलतात तसं. कंपनीत फोन लावला. अण्णा दहा मिनिटांत आले, माझा करार घेऊन, माझी शाल घेऊन. म्हणाले की पोरगी जन्माची मुकी आहे, हुशार आहे पण अधूनमधून असं करते, वडील गेल्यापासून. हवालदाराला वाईट वाटलं. त्यानेच मला गाडीत बसवलं.

गाडीत अण्णा म्हणाले, “आता दार बंद राहील हं.”

१६ फेब्रुवारी
सिंथवाली माझा टेप ऐकते आहे. हेडफोन लावून, डोळे मिटून, सकाळपासून. टेप पूर्ण ऐकला की आवाज ऐकणाऱ्याच्या गळ्यात बसतो. हे धाकट्याने मला चिठ्ठीवर लिहून दिलं. खाली लिहिलं होतं: ‘ती अकरा वर्षं थांबली आहे. रडू नकोस, तेही उपयोगाला येईल.’

सातव्या मिनिटाचा तो श्वास तिचाच, हेही चिठ्ठीत होतं. मी त्यावर बाबांना झोपवत होते.

दुपारी तिने तोंड उघडलं. पहिला शब्द माझ्या आवाजात निघाला. ती स्वतःच दचकली, मग हसली, मग बोलतच सुटली. भिंतीशी, कीबोर्डाशी, पाण्याच्या ग्लासाशी. मी समोर उभी होते. माझ्याशी एक शब्द नाही.

१७ फेब्रुवारी
आईचा फोन आला. सिंथवालीने उचलला.

“अगं, मी मजेत आहे. तू गोळ्या घेतेस ना?”

मी झेपावले. थोरल्याने मला भिंतीशी दाबून धरलं. ती माझ्याकडे पाहत, वायर बोटाला गुंडाळत, आईशी वीस मिनिटं बोलली. आई हसत होती, इथपर्यंत ऐकू येत होतं. शेवटी ती म्हणाली, आई, मी आता रोज फोन करत जाईन.

माझी आई. रोज.

१८ फेब्रुवारी
ठरलं. आवाज परत मिळत नाही. साठ्यातून आणलेला माझा टेप उलटा फिरवून पाहिला, पूर्ण ऐकून पाहिला. ज्याचा होता त्याच्यात तो जात नाही. पण पुसता येतो. टेप पुसायचं यंत्र माझ्याच दालनात आहे. मला नाही तर कुणालाच नाही.

फोन वाजला. ती खाली बोलायला लागली. मी रीळ यंत्रावर ठेवलं, बटण दाबलं. सात वर्षं दुसऱ्यांचे आवाज पुसले, पण स्वतःचा पुसताना लागला तितका वेळ कधी लागला नव्हता.

खाली ती वाक्याच्या मध्येच थांबली.

नंतर जिन्यातून वर येत होती ती फोनमधली फक्त आई. हॅलो. हॅलो? अगं बोल ना. हॅलो!

१९ फेब्रुवारी
मारलं. फार नाही. सिंथवालीने नखं ओढली गालावरून. तिच्या तोंडातून हवा तेवढी निघत होती.

मला दालनात कोंडलंय. वही त्यांनी नेली नाही. कागदावरची खरखर टिपण्याजोगी नाही, थोरल्याने तशी चिठ्ठीच लिहिली.

२० फेब्रुवारी
धाकट्याने जेवणाबरोबर चिठ्ठी सरकवली. आईने परत फोन केला होता. अण्णांनी सांगितलं, मुलीचा घसा गेलाय, ती तुमची आठवण काढते, या. आई उद्या दुपारी येणार.

खाली लिहिलं होतं: ‘म्हाताऱ्या बाईचा आवाज साठ्यात नाही.’

मी काय केलं हे— मीच तिला—

२१ फेब्रुवारी, सकाळ
जिन्यात चार मायक्रोफोन उभे केलेत. वायरी दाराखालून माझ्या दालनात. चार यंत्रं इथे, माझ्या टेबलावर, थोरला लावून गेला. बटणं खालून. वायरी ओढल्या, तुटत नाहीत, लोखंडी नळीत आहेत. यंत्रांना कुलपाच्या पेट्या. खुर्ची आपटली. पेटीला पोचा आला फक्त.

रेकॉर्डच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: येऊ नकोस. परत जा. खिडकीत धरून बसणार.

दुपार
आली. रस्त्यापलीकडे. निळी पिशवी. वर पाहिलं.

खोकं हलवते आहे. काचेवर डोकं—

चष्मा नाही लावलेला. डोळ्यांवर हात धरून पाहतेय. हसली. हात हलवला मला. आनंदाने. रस्ता ओलांडतेय—

नको आई

दार उघडलं त्यांनी

स्पीकर चालू झाले. ऐकू येतेय. तिच्या चपला. पिशवी खाली ठेवली. धाप लागलीय तिला. अण्णा म्हणताहेत, या, वरच आहे ती.

पहिलं रीळ फिरलं. चपला थांबल्या. थांबल्या नाहीत, ती चढतेच आहे, आवाज फक्त—

दुसरं. धाप नाही.

बोलू नकोस. आई, तोंड उघडू नकोस, काही बोलू—

“अगं पोरी, कुठे आहेस? किती गं पायऱ्या तुमच्या या इ—