कापसातलं द्राक्ष

तीर्थरूप दादास,

धाकटीचा घाईघाईने नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, वहिनींची कुरकुर कशी आहे (तुझ्याबद्दलचीच असणार, नवी कुठून आणतील!), सगळं सविस्तर कळव. कागदाला चिकट डाग लागले आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस.

दादा, द्राक्ष आलं! खरंखुरं गोड! इथल्या थंडीत द्राक्ष जगत नाही, असं चार शहाण्यांनी सांगितलं तेव्हापासून तुझे मेहुणे इरेला पेटलेले. रानटी, काटक वेलीची फुलं धरायची, माझ्या भुवयांच्या चिमट्याने त्यांतले पुंकेसर उपटायचे, माझ्याच पावडरच्या ब्रशने गोड जातीचे पराग फासायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची (चिमटा आणि ब्रश मला परत मिळालेले नाहीत). मग बी रुजवून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि घड आला की पहिलं द्राक्ष माझ्या तोंडात. एकाने दात आंबले, एकाने जीभ सोलवटली, एक तर चक्क ओल्या घोंगडीसारखं लागलं. दरवेळी मी डोळे मिटून ‘छान आहे हो’ म्हणत आले, कारण ह्यांचा पडलेला चेहरा मला बघवत नाही. दुसरं द्राक्ष मात्र कधी मागितलं नाही.

यंदा थंडीला पुरून उरलेल्या एका वेलीला पहिला घड आला, आणि नेमकी ह्यांना सर्दी! महिनाभर वास नाही की चव नाही. खोकल्याचं औषध आणि सकाळचा चहा ह्यांना सारखाच. मी चाखलं आणि किंचाळलेच, ‘अहो, छान आहे! खरंच छान आहे!’ तर हे खिन्नपणे म्हणतात, ‘मागल्या खेपेलाही हेच म्हणालीस, आणि मागच्या दारी जाऊन चुळा भरल्यास.’ शेजाऱ्यांना विचारावं, तर ते सुटका करून घ्यायला लांबूनच ‘छान, छान’ ओरडतात. नापास वेल ठेवायची नाही, जागा पुढच्या रोपांना द्यायची, हा ह्यांचा नियम. पुढच्या रविवारी तोडणार म्हणून करवतीला धार लावून बसलेत. दादा, ह्यांची अख्खी हयात त्या वेलीत आहे आणि ह्यांनाच ते कळत नाहीये. मला रडू येतं रे.

म्हणून रविवारच्या आत ये आणि चाखून सांग. माझ्या लग्नात आपल्याच घरच्या जेवणाला ‘मीठ कमी आहे’ असं वरपक्षासमोर सुनावणारा तू. तुझ्या शब्दावर हे डोळे झाकून विश्वास ठेवतील.

तुझी,
धाकटी

ता. क. येऊ नकोस. लिहिता लिहिता एकेक तोंडात टाकत होते, घड संपला. शेवटचं द्राक्ष कापसात गुंडाळून डबीतून पाठवते आहे. खा आणि ह्यांना लगेच पत्र टाक.

आणखी ता. क. डबीत नुसता देठ आहे. झाकण लावता लावता राहवलं नाही. तरी पत्र टाकच. ‘छान’ मात्र चुकूनही लिहू नकोस, मीच लिहवून घेतलं हे लगेच ओळखतील. तू जन्मात नावं ठेवली नाहीस अशी एकही गोष्ट नाही, तेव्हा नुसतं ‘चालेल’ एवढंच लिही. हे करवत खाली ठेवतील.