लटकण्याचा फोटो

७ जानेवारी

पाय सुजलेत. सकाळपासून चोचीच्या कड्यावर रांग – रांग कसली, जत्रा! रिओहून बसेस भरभरून येताहेत आणि प्रत्येकाला तोच फोटो हवा. कड्याच्या टोकाला दोन्ही हातांनी लटकायचं, मागे समुद्र, तोंडावर मरणाची भीती. मी पोटावर आडवी पडून मोबाईल असा काही धरते की पायाखालची जमीन दिसतच नाही. जमीन म्हणजे अगदी हातभर खाली. हात सोडले की उभे!

आज एक वकीलबाई लटकल्या. ‘वाचवा, मेले मेले!’ असं काही ओरडल्या की रांगेतलं एक बाळ घाबरून रडायला लागलं. उतरल्यावर केस सारखे करत मला विचारतात, भीती नीट आलीय ना? आलीय म्हटलं. अख्खं गाव या खोट्यावर जेवतं, मी कशाला बोलू!

१३ जानेवारी

रुआनला आज चांगलाच झापला. किनाऱ्यावरच्या टपरीत मासे तळायचं सोडून साहेब मागच्या भिंतीशी स्वतःचे फोटो काढत बसले होते. मालक माझ्याकडे तक्रार घेऊन आला – जुसारा, तुझ्या भावाला आरशाशी लग्न लावून दे.

अठरा वर्षांचा घोडा. एक फोटो टाकायला अख्खी संध्याकाळ घालवतो. नाक लहान करतो, गाल आत घेतो. मग दर मिनिटाला बघायचं, कोणाला आवडला, कोणाला नाही. नाही आवडला की जेवत नाही. आई म्हणते वयच आहे. मी अठराची होते तेव्हा भात आणि राजमा पोटात पडला की बस होतं.

१८ जानेवारी

त्याचा चोचीवरचा फोटो – मीच काढलेला, एका हाताने लटकलेला – रिओतल्या पोरांमध्ये फार गाजतोय म्हणे. तो तिथे मोठा कडे चढणारा ठरलाय! मी म्हटलं, अरे, सांगितलंस का त्यांना की खाली जमीन आहे?

"कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही," म्हणाला. वर डोळा मारला. मलाही हसू आलं.

२४ जानेवारी

वाट लागली.

कोणी तरी पाहुण्याने रुआनचा व्हिडिओ काढलाय, बाजूने. तो एका हाताने लटकलाय, तोंड भीतीने वाकडं केलंय, ‘वाचवा’ म्हणतोय – आणि त्याच्या पायांखाली, अगदी बुटांना लागून, गावातलं पिवळं कुत्रं पाय पसरून झोपलंय! मध्येच ते कुत्रं उठतं, त्याचा बूट हुंगतं आणि परत झोपतं.

मला आधी खदखदून हसू आलं, खोटं कशाला लिहू. मग खालचं वाचलं. हजारो लोक. हजारो! कोणी त्याच्या तोंडाचा तुकडा कापून आगबोटीवर चिकटवलाय, कोणी पाळण्यात. आणि त्याच्या नाकावर जे काही लिहिलंय... ते मी इथे लिहिणार नाही.

२६ जानेवारी

बाजारात पोरं त्याच्याकडे बघून भुंकतात. भर बसमध्येही भुंकली म्हणे, आणि मोठी माणसं हसली. टपरीवर जात नाही. खोलीतून बाहेर येत नाही. आईने दारात मक्याचा केक ठेवला, मुंग्यांनी खाल्ला.

दार ढकलून आत गेले तर तोंडावर उशी घेऊन पडलेला. ‘माझ्याकडे बघू नकोस ताई’ म्हणाला. अरे, मी तुझा शेंबूड पुसलाय, मला कसली लाज! माझं काळीज तुटतंय, आणि ओठांवर येतं ते नेमकं रागाचं.

३० जानेवारी

आता नवीनच सुरू झालंय. लोक लिहिताहेत – कुत्र्यावर काय लटकतोस, विधवेवर लटकून दाखव.

विधवेचा कडा चोचीच्या पुढे, वळणापलीकडे. तिथे खाली फक्त दगड आणि लाटा. नाव उगाच पडलेलं नाही. मासेमारीवालेसुद्धा तिकडे होडी नेत नाहीत.

मी त्याच्या मोबाईलमधून ते सगळं पुसायला गेले. त्याने हात धरला. एवढा घट्ट, की बोटं उमटली.

२ फेब्रुवारी

बाहेर आला. जेवला. आईने चर्चमध्ये माउलीपुढे मेणबत्ती लावली.

पण मी पाहिलं – परसातल्या पेरूच्या फांदीला लटकत होता. तोंडाने आकडे मोजत होता. मी विचारलं हे काय चाललंय? व्यायाम, म्हणाला.

५ फेब्रुवारी

समोरासमोर भांडलो. शेवटी त्याने कबूल केलं. एकच फोटो. विधवेवर, बाजूने, खालचं सगळं दिसेल असा. मग सगळ्यांची तोंडं बंद.

"तू काढ ताई. तुझ्यासारखा कोणालाच जमत नाही."

मी म्हटलं, मेलास तरी काढणार नाही. तो म्हणाला, मग आत्ता काय जिवंत आहे मी? गल्लीतलं पोरगं भुंकतं माझ्यावर. आरशात बघतो तर मलाच ते कुत्रं आठवतं.

मी त्याला एक ठेवून दिली. मग दोघं रडलो. आई मधे येऊन मलाच ओरडली.

एक गोष्ट मनातून जात नाही. या गावातली पोरं लटकायला पटाईत, पण चोचीवर कधी कोणाला परत वर चढावं लागलेलं नाही. हात सोडले की पायाखाली जमीन. रुआन पाच वर्षांचा असल्यापासून असाच लटकतोय. त्याला वर यायला कोण शिकवणार? भीती वाटते मला. फार.

८ फेब्रुवारी

शेजारच्या तायनाराला मधे घातलं. रुआन तिच्यासाठी झुरतो हे साऱ्या गल्लीला माहीत. ती त्याला म्हणाली, मला तुझं नाक आवडतं. पोरगी गुणाची आहे! संध्याकाळी त्याने दाढी केली आणि टपरीवर गेला. भुंकणाऱ्या पोराला तळलेला मासा दिला म्हणे.

१२ फेब्रुवारी

चार दिवस झाले, शिट्ट्या मारतोय. कार्निव्हलसाठी आईकडून जाळीचा सोनेरी शर्ट शिवून घेतला. माझ्या गळ्यात पडून म्हणाला, तू उगाच घाबरतेस. हे ऐकून मला बरं वाटायला हवं. वाटत नाहीये. त्याचं हे हसणं मी ओळखते, फोटोतलं आहे ते.

टपरीच्या मालकाला सांगून ठेवलंय – नजर ठेव. आईला सांगितलं तर म्हणते, तुला तर सावलीतही साप दिसतात.

१५ फेब्रुवारी, रविवार

कार्निव्हल. चोचीवर मुंगीला जागा नसेल. सकाळी निघताना रुआन झोपलेला होता. उठवलं नाही. कपाळाला हात लावला फक्त.

१६ फेब्रुवारी

जिवंत आहे. आधी हेच लिहिते. जिवंत आहे, जिवंत आहे.

१७ फेब्रुवारी

इस्पितळाच्या बाकावर बसलेय. बाहेर ढोल वाजताहेत. लोक नाचताहेत. नाचू देत.

कंबरेचं हाड मोडलंय, डावा पाय दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले चालेल, पण धावणार नाही.

तायनारा धावत आली होती चोचीवर. रुआनने तिला चल म्हटलं, ती नाही म्हणाली, तर तो एकटाच विधवेकडे गेला. मी रांग तशीच सोडली. माझा मोबाईल हातातच होता, गिऱ्हाइकाचा फोटो अर्धा राहिलेला. पळत सुटले. काट्यांनी पोटऱ्या फाटल्या, ते काल रात्री कळलं.

तो लटकलेला होता, सोनेरी शर्टात. त्याचा स्वतःचा मोबाईल दगडावर टेकवून ठेवला होता, तो वाऱ्याने समुद्रात गेला.

मी पोटावर पडून हात दिला. पकडला. घामाने निसटला. बारा-पंधरा हात खाली एक कंगोरा होता, देवाची कृपा, त्यावर अडकला. नाही तर... अग्निशमनवाल्यांनी दोराने वर आणलं. तायनारा मागून पोहोचली तेव्हा तो खाली पडलेला होता. आधीचं कोणी पाहिलं नाही.

मला थोडा उशीर झाला. एवढंच लिहिते.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख लावून आई आली आणि सगळ्या वॉर्डासमोर माझे हात घेऊन मुके घेतले. म्हणाली, या हातांनी माझं लेकरू वाचवलं. परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात ओढून घेतले. आईला वाटलं लाजले.

रुआन माझ्याकडे बघत होता. दुधाची लापशी भरवली तर मुकाट्याने खाल्ली.

२१ फेब्रुवारी

कंटाळलाय. माझा मोबाईल मागतो. मी म्हटलं चार्ज नाही. दुपारी परत मागितला. म्हटलं, बिघडलाय. तेवढ्यात मेला खणखणून वाजला!

आई म्हणते, दे की त्याला, एवढी काय कंजूष झालीस! तिला काय सांगू?

त्यातलं ते एक पुसायला घेतलं होतं. तीनदा. बोट तिथे जातं आणि थांबतं.

२४ फेब्रुवारी

आज चोचीवर कामाला गेले. पहिलाच मुलगा लटकला आणि ‘वाचवा’ म्हणून ओरडला. मी फोटो सोडून त्याला हात द्यायला गेले. तो वैतागला. मी सामान आवरून घरी आले आणि पांघरूण घेऊन पडले.

संध्याकाळी इस्पितळात गेले तर माझा मोबाईल रुआनच्या उशाशी. मी घरीच विसरले होते. आईने नेऊन दिला होता.

२५ फेब्रुवारी

रुआनने फोटो टाकला. दुपारपर्यंत अर्ध्या देशाने पाहिला. सगळे म्हणतात, काय छाती आहे पोराची, मरणाच्या दारात तोंड भरून हसतोय!

तो हसत नाहीये. ‘ताई, हात दे’ म्हणतोय. दोनदा म्हणाला. मला वाटलं, रोज सगळे करतात तसं नाटक करतोय. एकदाचा हा फोटो काढून देऊ म्हणजे याच्या डोक्यातलं भूत उतरेल, असंही वाटलं. मी त्याला हनुवटी वर कर म्हटलं आणि फोटो काढला. मग तिसऱ्यांदा ओरडला, तेव्हा कळलं.

फोटोखाली त्याने चारच शब्द लिहिलेत – फोटो काढला, माझ्या ताईने.